ई-क्लासचा धुरा

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. लिहायला विषय नव्हता असं नाही, पण जो विषय डोक्यात होता तो घरचाच होता, आणि घरचं लिहायचं म्हटलं की हात जरा आखडतो. त्यात आमचे अर्धे नातेवाईक हे वाचतात! पण आता दीड महिना झाला, डोक्यातून जात नाही म्हटल्यावर लिहून टाकतो. ज्यांना राग येईल त्यांनी सरळ फोन करावा.

पोळ्याला गावी गेलो होतो. आमचं गाव पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीला पाणी लागतं पण ते तोंडात धरवत नाही. जमीन मात्र काळीभोर, पावसाळ्यात चप्पल ओढून घेईल अशी. लहानपणी तोरणाखाली बैलजोड्यांची रांग पार देवळापर्यंत जायची. यंदा मोजून सहा जोड्या होत्या, आणि त्यांच्यामागे हार घातलेले दोन ट्रॅक्टर. गंमत वाटली, वाईटही वाटलं. पण ते असो, ट्रॅक्टरवर लिहायला बसलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आखरावर गेलो. आखर म्हणजे गावची ढोरं सकाळी जमा व्हायची ती जागा. तिथून गायकी त्यांना चरायला न्यायचा. गावातला शेवटचा गायकी अजून आहे. आता त्याच्याकडे गाई नाहीत, पंधरा-वीस बकऱ्या आहेत, त्यातल्या निम्म्या दुसऱ्यांच्या. मी त्यांना मामा म्हणतो. निंबाखाली बसले होते. म्हणाले, "पाय बापू, अथून तं थेट नाल्यालोक ई-क्लास होता. आता बकरी उभी कराले जागा नाही. सडकंच्या कडंनं चारतो, तं येस्टीवाला शिव्या देते."

ई-क्लास हा शब्द वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला गायरान म्हणतात ते आमच्याकडे ई-क्लास. इंग्रजी अमदानीत जमिनींना अक्षरांचे वर्ग दिले गेले, त्यातलं हे एक अक्षर गावाच्या तोंडी राहिलं. शाळा न शिकलेला माणूससुद्धा "थे ई-क्लासात हाये" असं सांगतो. गावची चराई, मुरूम, शेण वाळत घालायची जागा, होळीची लाकडं, हे सगळं ई-क्लासातून यायचं.

तर मामांबरोबर नाल्यापर्यंत चालत गेलो. वाटेत दोन झोपड्या आहेत, भूमिहीन कुटुंबांच्या. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या बापांनी तिथे दोन-दोन एकर जमीन काढली, अजून तीच पेरतात. दोघांनाही अतिक्रमणाची नोटीस आलेली होती. एकीने ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून छपराला खोचून ठेवली होती, भिजू नये म्हणून.

तिथून आमचं वावर दिसतं. आणि तिथे मी थांबलो. आमच्या वावराच्या धुऱ्यावर (म्हणजे बांधावर) एक जुनी बाभूळ आहे. मी लहान असताना ती धुऱ्याच्या बाहेर होती, ई-क्लासाच्या अंगाला. आम्ही पोरं तिच्याखाली बसून डिंक काढायचो, आणि मोठी आई ओरडायची, "वावरात या रे, तिकडं काटे हायेत." आता ती बाभूळ आमच्या तुरीच्या मधोमध उभी आहे. मी पावलं मोजली. बाभळीपासून नव्या धुऱ्यापर्यंत बेचाळीस पावलं.

बाभूळ तर चालत आली नसेल.

आम्हाला नोटीस आलेली नाही.

त्या काळात मी योगायोगाने ई. पी. थॉम्प्सन या इंग्रज इतिहासकाराचं 'कस्टम्स इन कॉमन' हे १९९१ सालचं पुस्तक वाचत होतो. विषय इंग्लंडच्या खेड्यांतल्या वहिवाटीचा, म्हणजे आमच्या गावापासून शक्य तेवढा दूरचा. पण रात्री काकांच्या ओसरीवर पडल्या पडल्या मला तेच आठवत राहिलं. म्हणून थोडं तिकडचं सांगतो, मग परत नाल्यावर येऊ.

इंग्लंडात जुन्या काळी गाव म्हणजे एका जहागीरदाराचा मॅनर. त्यातली बरीच कुळं 'कॉपीहोल्ड'ने जमीन कसत. या नावाचा अर्थ मला फार आवडला. जहागिरीच्या कचेरीत एक वही असे, तिच्यात कुळाच्या नावाची नोंद होई आणि त्या नोंदीची नक्कल कुळाच्या हातात मिळे. ती नक्कल हीच त्याची सनद. म्हणून आपल्या भाषेत 'नक्कलदार कूळ' म्हणायला हरकत नाही. बाप मेला की पोराने कचेरीत जायचं, नजराणा भरायचा आणि नाव चढवून घ्यायचं. कागदावर लिहिलेलं असे की जमीन 'मालकाच्या मर्जीने' आहे, पण त्यापुढे आणखी दोन शब्द असत: 'मॅनरच्या वहिवाटीप्रमाणे'. या दोन शब्दांवर माणसं पिढ्यान् पिढ्या टिकली. पुढे पुढे राजाची न्यायालयंही त्यांच्या बाजूने उभी राहू लागली. अर्थात नजराणा एकदम वाढवून कुळाला जेरीला आणायची युक्ती मालकांना ठाऊक होतीच.

कुळाचं पोट नुसत्या शेतावर भरत नसे. गावाभोवती पडीक माळ असे. तो मालकाच्या नावचा, पण त्यावर कुळाला गाय चारायचा, जळण आणायचा हक्क. आणि ज्याच्याकडे कसलीच नक्कल नाही असा मजूरही तिथे एखादी गाय, चार हंस पाळून जगे. त्याला कोणी अडवत नसे, बस्स एवढाच त्याचा हक्क.

मग कुंपणं आली. सुरुवात फार जुनी, १२३५ च्या कायद्यातच मालकाला 'कुळांना पुरेशी चराई ठेवून' उरलेला माळ घेण्याची मुभा होती. (पुरेशी म्हणजे किती, हे कोण ठरवणार? तेव्हाही हाच प्रश्न, आताही हाच!) १५४९ साली नॉरफोकमध्ये केट नावाच्या माणसाच्या पाठीमागे हजारो लोक उठले, कुंपणं तोडली, आणि मारले गेले. पण खरा सपाटा अठराव्या शतकात लागला, आणि तोही अगदी कायदेशीर. गावागणिक पार्लमेंटमध्ये कायदा करून घ्यायचा. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून जास्त कायदे झाले आणि ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडचा पाचवा हिस्सा, त्यांत आला.

हे सगळं रीतसर झालं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. १७७४ पासून नियम होता की आधी चर्चच्या दारावर तीन रविवार नोटीस लावायची. संमती मोजायची, पण डोकी मोजून नाही, जमिनीच्या किमतीच्या प्रमाणात. मग आयुक्त येत, दावे मागवत. नक्कलदार कुळांना मालकदारांमध्ये धरलं गेलं. त्यांना माळावरच्या हक्काच्या बदल्यात तुकडा मिळाला. पण त्या तुकड्याला ठरल्या मुदतीत कुंपण घालणं सक्तीचं, आणि मोजणीचा, वकिलाचा, कायद्याचा खर्च वाट्याप्रमाणे भरायचा. मोठ्याला तो झेपला. लहान्याने तुकडाच विकून टाकला, कारण तीन एकराला चहूबाजूंनी कुंपण घालायचं म्हणजे एकरामागे खर्च जास्त. आणि ज्याच्याकडे कागदच नव्हता, नुसती गाय होती, त्याच्या वाट्याला बहुधा काहीच आलं नाही.

एक गोष्ट वाचून तर मी उठून बसलो. माळावर कोणी झोपडी घातली असेल, चार वाफे काढले असतील, तर १८४५ च्या कायद्यात ठोकताळा होता वीस वर्षांचा. वीस वर्षांहून जुनं असेल तर ते त्याचं. त्याहून नवं असेल तर माळात जमा. छपराला खोचलेली ती प्लास्टिकची पिशवी मला लगेच आठवली. आपल्याकडेही २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे: मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणं १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० मधली असतील तर नियमानुकूल करायची. तारखेच्या अलीकडे एक कुटुंब, पलीकडे दुसरं. माणूस तोच, भूक तीच. आणि तारखेच्या आत असल्याचा पुरावा कुठून आणायचा? पुन्हा कागदच.

आता वऱ्हाडाकडे येऊ.

१८५३ साली निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि सगळ्यांच्या नजरा आपल्या काळ्या मातीकडे वळल्या. रेल्वे आली, बाजार आले, मोजणी आली. मुंबईच्या धर्तीवर रयतवारी बंदोबस्त झाला: प्रत्येक सर्व्हे नंबरला हद्दीचे दगड, प्रत्येक नंबराचा एक खातेदार. हे चांगलंच झालं असं आपण शाळेत शिकलो, आणि खातेदाराच्या दृष्टीने ते चांगलं होतंही. पण जे कोणाच्याच नंबरात बसलं नाही ते सगळं सरकारचं झालं, ही त्याची दुसरी बाजू. रानाचे वर्ग पडले: 'अ' इमारती लाकडाचं व जळणाचं, 'ब' गवताच्या रमण्यांचं, 'क' चराईचं. १८८६ साली वऱ्हाडचा जंगल कायदा झाला. काल ज्या रानात गवळी, बंजारे, धनगर ढोरं घेऊन हिंडत होते तिथे आज चराईची पावती लागू लागली.

आणि पडीक जमिनीचं काय? १८६५ साली वऱ्हाडात पडीक जमिनींचे नियम आले. ओसाड गावंच्या गावं तीस वर्षांच्या करारावर इजाऱ्याने द्यायची. विशेष करून यवतमाळकडे, तेव्हाच्या वणी जिल्ह्यात, अशी इजारा गावं झाली. इजारदाराने गाव वसवायचं, जमीन लागवडीला आणायची. मुदत संपली की काही अटींवर गावाची मालकीच त्याला मिळे. कसणारे मात्र त्याची कुळं. म्हणजे इंग्लंडात जो जहागीरदार होता, त्याची एक छोटी आवृत्ती आपल्याकडे नव्याने घडवली गेली.

गंमत बघा. त्याच १८६५ साली लंडनमध्ये सभ्य मंडळींनी एकत्र येऊन उरलेसुरले सार्वजनिक माळ वाचवायला संस्था काढली, कॉमन्स प्रिझर्व्हेशन सोसायटी. पुढे १८७८ साली एपिंगचं रान कायद्याने लोकांसाठी राखलं गेलं. तिकडे माळ वाचवायची शुद्ध आली, आणि इकडे त्याच साम्राज्यात माळ वाटायचे नियम छापले जात होते.

लक्ष्मण सत्या यांचं 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' हे १९९७ सालचं पुस्तक ज्यांना जमेल त्यांनी वाचावं. कापसाने वऱ्हाड सोन्याचं झालं असं आपण ऐकत आलो; सत्या दाखवतात की कापूस वाढला तशी चराई आकसली, ढोरांचे हाल झाले, आणि १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत या 'श्रीमंत' मुलखातली माणसं पटापट मेली. दुष्काळात माणसाला माळ लागतो. शेत पिकलं नाही तरी माळावर काहीतरी असतं. तो माळच कमी झालेला होता.

इथपर्यंतचा इतिहास इंग्रजांवर ढकलून मोकळं होता येतं. पुढचा नाही.

१९५१ साली जहागिऱ्या आणि इजारे संपले. इजारा गावांतल्या कुळांना खातेदारी मिळाली, पण गावचं गवत-रान, माळ, नाले सरकारजमा झाले. त्याच साली खास वऱ्हाडासाठी शेतीच्या मक्त्यांचं नियमन करणारा कायदा आला; मक्त्याने वाहणाऱ्याला दरवर्षी बदलता येऊ नये, निदान पाच वर्षं तरी त्याला वावरात राहू द्यावं, असा त्याचा रोख होता. मग १९५८ चा विदर्भाचा कुळकायदा, आणि १ एप्रिल १९६१ पासून पात्र कुळांकडे मालकी. कागदावर हे नक्कलदारांना कधीच मिळालं नाही असं भाग्य. इंग्लंडात कॉपीहोल्ड १ जानेवारी १९२६ ला संपलं तोवर बहुतेक लहान कुळं शेत सोडून शहरात गेलेलीच होती.

पण आमच्या घरात काय झालं ते सांगतो. आबांकडे त्या वेळी साठेक एकर होतं. त्यातलं आठ एकर एक माणूस वडिलांच्या काळापासून मक्त्याने वाहत होता. कायदा येणार, येणार अशी कुजबुज सुरू झाल्यावर आबांनी त्याला वाड्यात बोलावलं, चहा पाजला आणि एका कागदावर अंगठा घेतला. "वावर तूच वाह्यचं, फक्त कागद करून ठेवू." तो राजीनामा होता. एक हंगाम त्याने वाहिलंही. पुढच्या वर्षी नांगर आमचा होता. पेरेपत्रकात त्याचं नाव कुठेच नव्हतं, आणि नाव नाही तर कूळ नाही.

हे मला आबांनी सांगितलं नाही. मोठ्या आईने सांगितलं, शेवटच्या दुखण्यात. म्हणाली, "त्याची बायको मले दरसाल तिळगूळ द्याले ये. त्या साली आली नाही. मंग कधीच आली नाही." आबा दुष्ट नव्हते. गावात शाळेसाठी त्यांनी जागा दिली, दुष्काळात धान्य वाटलं. आबांसारख्या भल्या माणसांनीच हे तेव्हा गावोगाव केलं, एका कपात चहा पाजून. मी त्या आठ एकरांच्या पिकावर शिकलो. माझी इंजिनिअरिंगची फी त्यातूनच गेली असणार, दुसरं होतं काय?

त्या माणसाचा मुलगा पुढे ई-क्लासात गेला. छपराला पिशवी खोचलेली झोपडी त्याच्या सुनेची आहे.

आता तुम्हाला कळलं असेल की दीड महिना हात का आखडला.

दादाशी (म्हणजे काकांच्या मुलाशी, शेती तोच पाहतो) त्या रात्री बोललो. भांडण नाही झालं, पण आवाज चढले. त्याचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडतो, कारण तोही हे वाचणार आहे.

तो म्हणाला, "सगळेच वाहून रायले. आपण एकट्यानं काहून सोडायचं?" म्हणाला, "गावात ढोरंच कुठी उरले? ई-क्लास रिकामा ठेवून करायचं काय?" आणि म्हणाला, "तू तिकडं पंख्याखाली बसून लिहितं. सोयाबीनचा भाव काय चालू हाये ते पाय एकडाव."

शेवटचं खरंच आहे. पहिली दोन मला पटत नाहीत.

'सगळेच वाहतात' हे तर कुंपण घालणाऱ्याचं सगळ्यात जुनं कारण. गॅरेट हार्डिन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६८ साली एक लेख लिहून जगभर पटवून दिलं की सामाईक कुरण असलं की प्रत्येक जण आपली एकेक गाय वाढवतो आणि कुरण संपतं. पण आमच्या ई-क्लासाला गाईंनी संपवलं नाही. गाई होत्या तोवर तो होता. तो नांगराने संपला, आणि नांगर ज्यांची वावरं त्याला लागून होती त्यांचा होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते हेच दाखवल्याबद्दल, की लोक आपापसांत नियम करून सामाईक गोष्टी शतकानुशतकं सांभाळतात. लांब कशाला, आपल्या अचलपूर तालुक्यातलं पायविहीर पहा. सातपुड्याच्या पायथ्याचं कोरकूंचं गाव. वनहक्क कायद्याखाली २०१२ साली त्यांना १९३ हेक्टर उजाड रानावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने स्वतः नियम घातले, झाडं राखली, सीताफळं विकली. हक्क कागदावर आला आणि गावाने रान उभं केलं.

'ढोरं उरली नाहीत' हेही अर्धंच खरं. ज्वारी गेली, तिच्याबरोबर कडबा गेला. चराई गेली, मग ढोरं गेली. आधी कुरण खायचं आणि मग म्हणायचं खाणारं कोणी नाही! आणि ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांच्याकडे बकऱ्या अजून आहेत. मामांच्या पंधरा बकऱ्या म्हणजे एका घराचं औषधपाणी आणि एका मुलीचं लग्न आहे.

बरं, सरकार काय करतंय? सुप्रीम कोर्टाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात सांगितलं की गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा. महाराष्ट्राने १२ जुलै २०११ ला तसा शासन निर्णय काढला. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून याचिका घेतली, तेव्हा राज्याने आकडे दिले: साडेचार लाख हेक्टर गायरानापैकी सुमारे दहा हजार हेक्टरवर अतिक्रमण, आणि सव्वादोन लाखांच्या आसपास बांधकामं. गावोगाव नोटिसा निघाल्या, गावोगाव घबराट. हे आकडे बघून मला पहिला प्रश्न पडला: बांधकाम दिसतं म्हणून मोजलं जातं. बेचाळीस पावलं सरकलेला धुरा कोण मोजणार? तो तर हिरवागार दिसतो.

दुसरीकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी सरकारी जमिनी दिल्या जाताहेत, त्यात गायरानंही आहेत. दादाला दिवसा वीज हवी आहे आणि ती मिळायलाच हवी. रात्री दोन वाजता साप-विंचवात पाणी द्यायला जाणं काय असतं ते मी पाहिलंय. पण सौर पट्ट्यांना कुंपण लागतं, आणि कुंपणाच्या आत बकरी जात नाही. गावाला विचारून, मामांची चराई कुठे राहील ते ठरवून द्या ना. 'रिकामी जमीन' म्हणून देऊ नका. ती रिकामी कधीच नव्हती.

माझं म्हणणं थोडक्यात इतकं आहे. एक: अतिक्रमण काढायचंच तर सुरुवात धुऱ्यापासून करा, झोपडीपासून नाही. ज्याच्या नावावर सातबारा आहे आणि तरी ज्याने ई-क्लास नांगरला त्याला कसली तारीख लागू नये. दोन: भूमिहीन पिढीभर जे दोन एकर पेरतोय ते त्याच्या नावाने करा. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर १९६४ साली हजारो भूमिहीन पडीक जमिनीसाठी तुरुंगात गेले, त्या मागणीचा हिशोब अजून पुरा झालेला नाही. तीन: उरलेला ई-क्लास कोण कशासाठी वापरतो ते लिहून काढा. महसूल कायद्यात विदर्भासाठी निस्तारपत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जाची तरतूद आहे, चराई, जळण, वाट, वहिवाट नोंदवायला. ते कागद कपाटातून काढून ग्रामसभेत वाचा आणि आज जे खरं आहे ते त्यात लिहा. नक्कलदाराला निदान तुकडा मिळाला तो त्याच्याकडे नक्कल होती म्हणून. मामांकडे काहीच नाही. सत्तर वर्षं त्या माळावर चालले, पण एकाही वहीत त्यांचं पाऊल नाही.

मला कोणी विचारेल, मग त्या आठ एकरांचं काय? खरं सांगतो, मला उत्तर नाही. आबा गेले, तो माणूस गेला, ते आठ एकर चार भावांच्या वाटण्यांत विरून गेले. कायद्याने आता काही होत नाही. निदान झालं ते झालं असं नाव घेऊन म्हणावं, एवढं तरी आपल्या घरात व्हायला हवं. म्हणून इथे लिहिलं.

पण बेचाळीस पावलांचं उत्तर आहे. सातबारावर दादाचं आणि काकांचं नाव आहे तसं माझंही आहे, म्हणजे ती तूर माझीही आहे. मी दादाला सांगितलंय की सरकारी मोजणीचा अर्ज करू, पैसे मी भरतो, आणि तूर निघाली की धुरा बाभळीच्या अलीकडे घेऊ. तो म्हणाला, "मोजणी येऊ दे, मंग पाहू." आमच्याकडे 'मंग पाहू'चे बरेच अर्थ होतात. मी मात्र अर्ज भरून ठेवलाय.

जाता जाता मामांना हे सांगितलं. त्यांनी बाभळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "बेचाळीस पावलं? तुये का माये?" मी म्हटलं, माझी. "मंग मायी पन्नास होतीन बापू," म्हणाले, आणि बकऱ्या घेऊन सडकेकडे निघाले.